एक खडप, साडेतीन डुबक्या आणि एक संत्रं

पहिला दिवस, शनिवार

नागपूरच्या माणसाला समुद्राकडे जायचं तर आधी कुठल्या, ते ठरवावं लागतं. झिरो माइलच्या दगडापाशी उभं राहिलं की दोन्ही समुद्र सारखेच परके वाटतात. आम्ही पश्चिमेचा धरला, कारण नागपूर–मडगाव गाडी थेट कुडाळला सोडते. भुसावळ, नाशिक, पनवेल करत जवळजवळ चोवीस तासांचा पल्ला. महाराष्ट्राच्या एका टोकातून दुसऱ्या टोकाला जायचं आणि राज्य काही बदलत नाही!

आम्ही तिघं. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. वयाच्या चाळिशीत पोहायला शिकले आणि गेल्या वर्षी तारकर्लीला जाऊन अठरा मीटरपर्यंत उतरण्याचं प्रमाणपत्र घेऊन आले. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्याकडे पाण्याखालचा कॅमेरा आहे आणि संयम अजिबात नाही. तिसरे काका. नात्यातले नव्हेत, आमच्या पक्षीगणनेच्या गटातले. बँकेतून निवृत्त झालेले, पाण्याची भीती आणि खातेवहीची हौस. त्यांनी निघण्याआधीच बजावलं, "मी काठावर बसून लिहीन. पाण्यात तुम्ही मरा."

बडनेऱ्यापर्यंत भाच्याने दिसायला हव्यात अशा गोष्टींची यादी केली होती: कासव, शार्क, मांटा रे. काकांनी ती हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे ताडोबा झालं बाबू. जिप्सीत बसायचं, वाघ दिसला का विचारायचं, नाही दिसला तर पैसे वाया गेले म्हणायचं."

त्यांचं म्हणणं मला पटलं. पक्षीगणनेत आम्ही गोरेवाडा तलावाच्या काठावर एका जागी पंधरा मिनिटं उभे राहतो आणि जे दिसेल ते लिहितो. कावळाही लिहितो. मग समुद्रात वेगळं काय करायचं? अकोला यायच्या आत ठरलं: एक खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, निवडायचं, दर वेळी तिथेच उतरायचं आणि तिथे जे आहे ते लिहायचं. भाच्याने तोंड वाकडं केलं आणि वरच्या बर्थवर जाऊन झोपला.

दुसरा दिवस, रविवार

दुपारी कुडाळ, तिथून रिक्षाने मालवण. गाडीतल्या एसीने मला सर्दी झाली होती. त्याचं महत्त्व उद्या कळणार होतं.

संध्याकाळी धक्क्यावर गेलो. समोर सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला किल्ला, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. शाळेत हे सगळं वाचलं होतं. पण किल्ल्याभोवतीचं पाणी हे सागरी अभयारण्य आहे, हे आमच्या पुस्तकात कुठेच नव्हतं. १९८७ मध्ये ते जाहीर झालं, क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर. मासेमारी बंद होईल या धास्तीने तेव्हा इथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला होता.

आमची होडी ज्यांची, ते तांडेल, म्हणजे होडीचे नाखवा, साठीचे. आम्ही कुठून आलो ते ऐकून त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"नागपूरसून? थंय दर्या खंय आसा?"

"नाही ना. म्हणून तर आलो."

"आणि थंयचे वाघ सोडून हय मासे बघूक इलास?" ते मनापासून हसले. काकांनी तिथल्या तिथे वही उघडली आणि बाजाराच्या टोपल्यांपासून सुरुवात केली. सुरमईला इथे इसवण म्हणतात. गोबरो, तांबोशी, लेपो, शेवंड, कुर्ल्या. तासाभरात पान भरलं. काकांचं बालपण भंडाऱ्याकडच्या मामा, म्हणजे जुन्या मालगुजारी, तलावांच्या काठी गेलेलं. तिकडे मासेमारी करणाऱ्या ढीवर लोकांकडे बोटभर मासोळीलाही वेगळं नाव असतं, हे ते नेहमी सांगतात. इथेही तोच खजिना हाती लागला म्हणून खूश झाले.

तिसरा दिवस, सोमवार

अष्टमीच्या मागचेपुढचे दिवस मुद्दाम निवडले होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात येतं-जातं आणि तळाची वाळू उठवतं. भांगेच्या दिवसांत ओढ कमी, त्यामुळे नजर जरा लांब पोचते. सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहत असतो तोवर दर्या शांत, दुपारी खारा वारा सुटला की होडी डोलायला लागते. म्हणून सातला निघालो.

प्रशिक्षक इथलाच, पंचविशीतला मुलगा. त्याने किल्ल्याच्या पलीकडे एक खडप दाखवलं. माथा सहा मीटरवर, पायथा बारा मीटरवर. पाठीवर टाकी, कमरेला शिशाचे पट्टे, मागे कलंडून पाण्यात.

चार मीटरवर माझा उजवा कान दुखायला लागला. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते. कानाच्या पडद्याला तेच आतून कळणं ही फार वेगळी गोष्ट आहे. नाक दाबून फुंकलं, जबडा हलवला, मीटरभर वर येऊन पुन्हा खाली गेले. सर्दीने नळी बंद. अशा वेळी जोर लावला तर पडदा फाटू शकतो. प्रशिक्षकाने अंगठा वर केला. जमिनीवर त्याचा अर्थ छान चाललंय, पाण्याखाली त्याचा अर्थ वर चला.

भाचा एका मदतनिसाबरोबर खाली गेला आणि चाळीस मिनिटांनी चकाकत्या डोळ्यांनी वर आला. "मावशी, तू तर लगेच वर चालली गेली! खाली काय भारी होतं!"

"काय होतं?"

"मासे होते ना. खूप."

काकांनी वहीत लिहिलं: "मासे. खूप." आणि पेनाचं टोपण लावलं.

ही माझी अर्धी डुबकी. शुद्ध चीड आली होती. होडीच्या काठावर बसून मी शेजारच्या होड्या पाहत राहिले. पर्यटकांना पंधरा-वीस मिनिटं हाताला धरून खाली नेतात, फोटो काढतात, वर आणतात. यात वाईट काही नाही, कित्येक घरांची चूल त्यावर पेटते. पण फोटोत मासे यावेत म्हणून खाली पाव आणि बिस्किटं चुरडतात, ते मात्र मला खटकतं. पट्टेरी मासे इतके सरावलेत, की प्लास्टिकची बाटली दाबल्याचा आवाज झाला की धावत येतात. आमच्याकडे रामटेकच्या माकडांचं जे केलं, तेच.

संध्याकाळी वाफ, आल्याचा चहा, झोप.

चौथा दिवस, मंगळवार

कान उघडला. आज दोन डुबक्या झाल्या आणि सगळी सहल खरं तर या एका दिवसात होती.

पाणी हिरवट, नजर पाच-सहा मीटर. अंदमानचे निळे फोटो पाहून आलेल्याला इथे निराशा होईल. पण खाली गेल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो आवाज. समुद्र मुका नाही. चारही बाजूंनी तडतड, तडतड, भट्टीत फुटाणे उडावेत तशी. मला वाटलं माझ्या टाकीच्या नळीत काही बिघाड आहे. तो आवाज कोळंबीच्या जातीच्या बोटभर प्राण्याचा असतो. त्याचा एक पंजा दुसऱ्यापेक्षा बराच मोठा. तो इतक्या वेगाने मिटतो, की पाण्यात क्षणभर बुडबुडा तयार होतो, आणि हा बुडबुडा फुटतो त्याचा हा तडाखा. पंजे एकमेकांवर आपटल्याचा नव्हे. त्या झटक्याने समोरचं छोटं सावज गारद होतं. असे शेकडो जण कपारींत बसलेले असतात आणि दिसत एकही नाही. काकांच्या वहीत पहिली नोंद ही पडली: "ऐकला, दिसला नाही." पक्षीगणनेत अशी नोंद चालते. इथे का चालू नये?

मग खडप. माथ्यावर कमरेइतका उंच एक गोल धोंडा होता, मातकट पिवळा, स्पर्श केला तर खरखरीत लागेल असा. स्पर्श करायचा नसतो. तो धोंडा नव्हता, पोरायटिस जातीचं पोवळं होतं, म्हणजे लाखो इवल्या प्राण्यांची एकावर एक चढलेली वसाहत. पोरायटिस वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं. हिशेब ढोबळ आहे, पण तो धोंडा शंभरीच्या आसपास असावा. त्याच्या खांद्यावर पंज्याएवढा पांढरा डाग पडलेला, चुना लावल्यासारखा. पोवळ्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा पोवळ्याला मिळतो. रंगही त्याचाच. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की पोवळं या भाडेकरूला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं, नाही तर उपासमार. आमच्या डागाचं कारण उष्णताच होती की दुसरं काही, हे एका डुबकीत सांगता येणार नाही. मी पाण्याखाली लिहायच्या पाटीवर डागाचा आकार काढला, बाजूला माझी पेन्सिल धरून भाच्याकडून फोटो घेतला. पुढच्या वर्षी हाच डाग शोधायचा.

खालच्या अंगाला टर्बिनारियाची पोवळी, मोठ्या पानांसारखी पसरलेली. त्यांच्या सावलीत सिंहमासा. पंखांची झालर पसरून इतका निवांत तरंगत होता, की आपल्या काट्यांत विष आहे याची त्याला पुरती खात्री असावी. भाचा त्याच्या मागे लागला. मी त्याचा पाय धरून मागे ओढला आणि पाटीवर लिहिलं: "१० मिनिटं. हलू नको."

तीन मिनिटं काहीच घडलं नाही. चौथ्या मिनिटाला खडपाला आमची सवय झाली. कपारींतून डोकी बाहेर आली. काळ्या पट्ट्यांचे पिवळे सार्जंट मासे आपापल्या दगडाची राखण करू लागले. त्यातला एक बोटभर मासा माझ्या मास्कवर चाल करून आला, बहुधा खाली त्याची अंडी असावीत. हिरवा-निळा चंद्रशेपटी रॅस आला, मागे त्याच्या मादी. या कुळातल्या माशांत मादीचा पुढे नर होऊ शकतो. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकांवर हमखास खसखस पिकते. पोपटमाशाने पोवळ्यावर चोच मारली आणि त्याचा कर्र आवाज आम्ही दोघांनी ऐकला. तो शैवालासाठी दगड कुरतडतो, दगड पोटात दळतो आणि मागून वाळू सोडतो. भाच्याने ते सोडतानाच टिपलं. दिवसातला त्याचा सगळ्यात आवडता फोटो तोच.

दहाची वीस मिनिटं कधी झाली कळलं नाही. पाटीवर चौदा जाती. काल याच जागेला तो "खूप मासे" म्हणाला होता, याची आठवण मी करून दिली नाही. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून वर आलो.

होडीवर तांडेल कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो बघत होते आणि काका विचारत होते. गोबऱ्याला नाव होतं. तांबोशीला होतं. सिंहमासा आला, ते म्हणाले, "ह्यो खावचो नाय." रॅस: "ह्योव नाय." पोवळं दाखवलं तर म्हणाले, "ह्यां खडप." काका इमाने इतबारे लिहीत गेले. रात्री वही चाळताना लक्षात आलं, स्थानिक नावाच्या रकान्यात निम्म्याहून जास्त ठिकाणी "खावचो नाय" आहे. नावं तव्यावरून येतात. भंडाऱ्याच्या बोटभर मासोळीला नाव आहे, कारण ती रश्श्यात जाते. शंभर वर्षांचं पोवळं बिनानावाचं राहतं. अर्थात पोटापलीकडची माहिती त्यांना नव्हती असं मुळीच नाही. खडपाच्या कुठल्या बाजूला कुठल्या महिन्यात तांबोशी जमते, ते त्यांनी न बघता सांगितलं. आम्हाला ते कळायला बारा वर्षं डुबक्या माराव्या लागल्या असत्या.

पाचवा दिवस, बुधवार

डुबकी नाही. कॅमेऱ्याच्या काचेआड वाफ धरली होती आणि भाचा तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरून हताश बसला होता. आज काकांचा दिवस. दुपारच्या ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर गेलो, गुडघाभर डबक्यांत.

काका पँट दुमडून उकिडवे बसले ते दोन तास उठले नाहीत. एका डबक्यात त्यांना शेवाळी रंगाचा, हाताच्या पंजाएवढा मऊ गोळा दिसला, डोक्यावर सशाच्या कानांसारखी दोन शिंगं. सागरी ससा, गोगलगायीच्या कुळातला. लाट आली, तो दगडावर घसपटला आणि डबकंभर जांभळी शाई पसरली. काका दचकून मागे बसले ते थेट पाण्यात. "निळीची पुडी फुटली हो ताई!" पाण्याला घाबरणारा माणूस कमरेपर्यंत भिजून हसत होता.

वेळेवर सांगितलं म्हणून बरं, नाही तर ते एक काळी समुद्रकाकडी शाळेच्या प्रयोगशाळेसाठी बाटलीत घालून आणणार होते. समुद्रकाकड्या, समुद्रघोडे आणि खडक बांधणारी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच रांगेत. फोटोशिवाय काही उचलायचं नाही, मेलेलं पोवळंसुद्धा नाही. काकांनी ती जिथे होती तिथे, त्याच कुशीवर ठेवली.

परतताना वाळूत रापण ओढत होते. पंचवीस-तीस माणसं, दोन दोर, एक लय. जाळ्यात फार काही नव्हतं. रात्री झगझगीत दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या मोठ्या बोटींवर तिथले सगळेच चिडलेले होते.

सहावा दिवस, गुरुवार

शेवटची डुबकी सकाळी लवकर. डुबकीनंतर निदान अठरा तास विमानात बसू नये, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबाला बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. आम्ही रेल्वेने जाणार, पण गाडी घाट चढून इगतपुरीला जवळपास सहाशे मीटरवर पोचते. प्रशिक्षक म्हणाला, उगाच कशाला, सकाळीच उरका.

घरून आंबिया बहाराची शेवटची संत्री आणली होती. त्यातलं एक मी जाळीच्या पिशवीत घालून खाली नेलं. रंगांचा प्रयोग करायचा होता. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषतं, नंतर नारिंगी. सहा मीटरवर संत्रं फिकं झालं. बारा मीटरवर माझ्या हातात राखाडी-पिवळट काहीतरी होतं, इतकं केविलवाणं, की फुटाळ्यावरच्या हातगाडीवाल्याने ते फुकटही दिलं नसतं. टॉर्च लावला आणि एका क्षणात ते नागपूरचं झालं. भाच्याचे फोटो आतापर्यंत सगळे हिरवे का येत होते, तेही कळलं.

आम्ही ते संत्रं खडपाच्या पायथ्याशी धरून फोटो काढत बसलो. प्रकाश बदलून, बाजू बदलून, चांगली बारा मिनिटं. मग पिशवीचं तोंड सैल झालं. संत्र्याच्या सालीत हवा असते, सालीसकट ते तरंगतं, हे मला ठाऊक होतं. तरी ते बोटांतून निसटून सरळ वर जाताना पाहून मी श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडात असताना हसले आणि मास्कमध्ये पाणी शिरलं.

वर आलो तेव्हा तांडेल सालं होडीतल्या डब्यात टाकत होते. "म्याडम, दर्यान माका संत्रां धाडल्यान."

रात्री कुडाळहून गाडी.

सातवा दिवस, शुक्रवार, आणि त्यानंतर

रात्री नागपूर. अंगाला मीठ, डोक्यात गाडीची आणि लाटांची एकत्र डुगडुग.

रविवारी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर आमच्या गटातल्या प्रत्येकाने एकच विचारलं, "शार्क दिसला का?" काका प्रत्येकाला सागरी सशाची गोष्ट सांगत राहिले, निम्म्यातच लोक चहाकडे वळत राहिले.

पुढचा आठवडा नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवण्यात गेला. फोटो, जागा, तारीख, खोली. मग अनोळखी जाणकार येऊन नाव पक्कं करतात किंवा खोडतात. भाच्याने मोठ्या आत्मविश्वासाने दिलेली चार नावं दोन दिवसांत खोडली गेली. एक मासा जातीवरून मागे सरकून नुसत्या कुळावर येऊन थांबला. तो दोन दिवस गप्प होता. नंतर स्वतःहून माशांच्या परांचे काटे मोजत बसलेला दिसला. काकांनी आमची वही संगणकावर उतरवली, अठ्ठावन्न ओळी.

संत्र्याचे फोटो त्यात नव्हते, ते काय नोंदवायचे? ते मी तांडेलांना व्हॉट्सॲपवर पाठवले, गंमत म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाजी निरोप आला. मागे होडीचं इंजिन धडधडत होतं.

"म्याडम, संत्र्याच्या पाठसून वाम बघता हा. ती दिसली नाय तुमका?"

मी फोटो मोठा केला. टॉर्चच्या उजेडात झगमगणारं संत्रं, आणि त्याच्या मागे, वीतभर अंतरावरच्या कपारीत, तोंड उघडून श्वास घेणारं, सापासारख्या माशाचं एक ठिपकेदार डोकं. सगळ्या फोटोंत होतं.

काकांनी एकोणसाठावी ओळ घातली. स्थानिक नाव: वाम. खोली: बारा मीटर. कोणाला दिसली, या रकान्यात त्यांनी तांडेलांचं नाव लिहिलं आणि पुढे कंसात: होडीवरून.